वणव्याची खबर आभाळातून

रोज दुपारी दीडच्या सुमारास आणि पुन्हा मध्यरात्र उलटल्यावर 'सुओमी एनपीपी' हा अमेरिकी उपग्रह अहिल्यानगर जिल्ह्याच्या माथ्यावरून जातो. 2011 मध्ये सोडलेल्या या उपग्रहावर 'व्हिअर्स' नावाचं उपकरण आहे. अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या डोंगरांत गवत पेटलं, तर त्याची धग ते टिपतं.

पेटत्या गवतातून 4 मायक्रॉनच्या आसपासचे अवरक्त किरण भरमसाट निघतात. उन्हानं नुसत्या तापलेल्या कातळातून 11 मायक्रॉनच्या आसपासचे जास्त. दोन्ही मोजून ताडून पाहिले की आग वेगळी पडते. व्हिअर्सची एक चौकट 375 मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे 35 एकरांची. आग त्यातल्या एका कोपऱ्यात असली तरी ठिपका अख्ख्या चौकटीचा पडतो. आगीची नेमकी कडा वनरक्षकानंच शोधायची आणि ओल्या फांद्यांनी झोडपून ती विझवायची.

हा ठिपका त्याच्या मोबाइलवर येतो डेहराडूनहून. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था 2004 पासून उपग्रहांवरून वणव्यांच्या सूचना देते. आधी 1 किलोमीटरची चौकट असलेल्या 'मोडिस' उपकरणावर भिस्त होती, 2017 पासून व्हिअर्सही जोडीला आलं. ठिपके वनक्षेत्राच्या नकाशावर बसवले जातात आणि त्या त्या भागातल्या कर्मचाऱ्यांना संदेश जातो. नाव नोंदवलं तर गावकऱ्यांनाही हा संदेश मिळतो. डोंगराखालच्या प्रत्येक गावात निदान दोघांनी तरी ही नोंदणी करायला हवी.

एक उणीव मात्र मोठी आहे. व्हिअर्स आता तीन उपग्रहांवर असलं, तरी तिघांच्या फेऱ्या जवळपास एकाच वेळेला येतात. दुपारी उशिरा पेटलेलं वाळकं गवत मध्यरात्रीच्या फेरीपर्यंत कधीच राख झालेलं असतं. आपला इन्सॅट दर अर्ध्या तासाला चित्र घेतो, पण 36 हजार किलोमीटरवरून. लहान आग त्याला दिसत नाही.

धुळीच्या बाबतीत मात्र इन्सॅटची ही चिकाटी कामी येते. 23 जानेवारी 2022 रोजी पाकिस्तानच्या बाजूनं उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून मुंबई-पुण्यावर आली. निळ्या समुद्रावर मातकट पट्टा नुसत्या नजरेलाही कळतो. नगरच्या उघड्या माळावर तोच पट्टा जमिनीच्या रंगात मिसळून जातो. तिथं 11 आणि 12 मायक्रॉनच्या नोंदी लागतात: धूळ 11 चे किरण जास्त शोषते, बर्फाचे विरळ ढग 12 चे. धुराला ही युक्ती चालत नाही. विरळ धूर अवरक्त किरणांना जवळजवळ आरपार जाऊ देतो, म्हणून तो दिवसाच्या साध्या चित्रातच निळसर-करडा शोधावा लागतो.

असा धूर जिल्ह्यात डोंगरापुरता नसतो. ऊसतोड झाली की राहुरी, नेवासा, श्रीरामपूरकडच्या फडांत पाचट पेटवलं जातं. डेहराडूनचा संदेश वनक्षेत्रापुरता असल्यानं या आगी त्यात येत नाहीत. पंजाब-हरियाणातल्या भाताच्या अवशेषांच्या आगी दिल्लीची कृषी संशोधन संस्था उपग्रहावरून मोजते. उसाच्या फडांचीही तशी मोजदाद व्हायला हवी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस तर तयारच आहे: पाचट सरीत दाबायचं आणि त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट व कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकायचं. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं, आणि कुजलं की ते त्याच खोडव्याला खत म्हणून मिळतं.