बाहेर पडणारा श्वास

व्हेंटिलेटर हा शब्द मराठी घरांत पहिल्याने आला तो भिंतीतून. दाराच्या वर, छताच्या खाली जो लहानसा झरोका ठेवीत त्याला व्हेंटिलेटर म्हणत. चुलीचा धूर आणि कोंदट हवा बाहेर जावी एवढाच त्याचा हेतू. पुढे तोच शब्द रुग्णालयातील यंत्राला चिकटला आणि २०२० नंतर तर तो घरोघरी भीतीचा शब्द झाला. ‘व्हेंटिलेटरवर ठेवले’ म्हणजे माणूस गेलाच, असे कित्येक मानतात. कित्येक उलट, यंत्र लावले म्हणजे आता मरण येणारच नाही अशा भरवशावर राहतात. दोन्ही समजुतींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: यंत्र हे औषध आहे असे आपण धरून चालतो. ते औषध नव्हे. थकलेल्या स्नायूंचे काम काही दिवस आपल्या अंगावर घेऊन ते वेळ मिळवून देते, आणि त्या वेळात रोग हटला तर माणूस वाचतो.

आज आम्ही एकच रोगी डोळ्यांपुढे ठेवणार आहोत. त्याची फुफ्फुसे वर्षानुवर्षांच्या धुराने आधीच निकामी होत आलेली आहेत, आणि त्यावर इन्फ्लुएंझा किंवा कोरोनासारख्या विषाणूने त्याला गाठले आहे.

जुन्या दुखण्याला डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात, लोकांत त्याला सरसकट दमाच म्हणतात, पण खऱ्या दम्याहून ते वेगळे आहे. विडी-सिगारेट हे त्याचे प्रसिद्ध कारण. मात्र आपल्याकडे जन्मात विडीला हात न लावलेल्या बायकाही त्याने धापा टाकताना दिसतात. लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीपुढे त्यांचे आयुष्य गेलेले असते. या रोगात खरी अडचण श्वास घेण्याची नसून सोडण्याची असते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. लहान श्वासनलिका सुजून अरुंद होतात, फुफ्फुसाचा चिवट लवचिकपणा जातो, आणि आत गेलेली हवा वेळेवर बाहेर पडत नाही. असा माणूस ओठ चंबूसारखे करून फुंकर घातल्याप्रमाणे श्वास सोडतो ते उगीच नव्हे. नलिका मिटू नयेत म्हणून देहाने शोधून काढलेली ती युक्ती आहे.

उच्छ्वास अडला की काय होते, हे वैद्यकाला फार महाग पडून कळले. १९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. पोलिओचा विषाणू फुफ्फुसावर नव्हे, मज्जातंतूंवर घाला घालतो. परंतु श्वासाचे स्नायू लुळे पडले की परिणाम एकच. ब्लेगडॅम रुग्णालयात रोग्याला कोंडून छाती बाहेरून ओढणारी लोखंडी पेटी एकच होती. उन्हाळ्यात आलेल्या पहिल्या ३१ श्वसनग्रस्त रोग्यांपैकी २७ दगावले. विशेष असे की, मरणाऱ्यांपैकी काहींचा रंग निळा पडलेला नसे. त्यांना प्राणवायू मिळत होता. रक्तात क्षार वाढलेले पाहून डॉक्टर भलत्याच दिशेने विचार करीत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ओळखले की हे लोक कर्बवायू बाहेर न पडल्यामुळे मरत आहेत. २७ ऑगस्ट रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या घशाखाली छेद घेऊन त्याने नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिची फुफ्फुसे हलती ठेवली. साचलेला कर्बवायू उतरू लागला. त्यानंतर सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस अशा पिशव्या दाबल्या, आणि मृत्यूचे प्रमाण काही महिन्यांत निम्म्याहून खाली आले. आजचा अतिदक्षता विभाग या पिशव्यांतून जन्मला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्या दीड हजारांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नाहीत, हेही जाता जाता म्हटले पाहिजे.

आता विषाणूकडे वळू. तो वायुकोशांवरच हल्ला करतो. त्यांत पाणी झिरपते, फुफ्फुस ओल्या स्पंजासारखे जड आणि ताठ होते, आणि हवा घेण्याजोगा भाग थोडाच उरतो. पूर्वी अशा रोग्याला यंत्राने मोठमोठे श्वास देत. उरलेला निरोगी भाग त्या दाबाने फाटून निघे. २००० साली अमेरिकेत ८६१ रोग्यांवर झालेल्या तुलनेत किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर असे लहान श्वास दिले, तेव्हा शंभरातले मृत्यू सुमारे ४० वरून ३१ वर आले. हे किलो काट्यावरचे नव्हेत, उंचीवरून काढलेले. माणसाचे पोट सुटले म्हणून फुफ्फुस वाढत नाही! १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईला, ती कितीही स्थूल असो, एका श्वासाला २९० मिलिलिटरच्या आसपास हवा पुरे.

आमच्या रोग्याची गोम येथे आहे. त्याच्या एकाच छातीत दोन रोग नांदत आहेत आणि दोघांच्या मागण्या परस्परविरुद्ध आहेत. विषाणूने ताठ झालेले फुफ्फुस म्हणते, श्वास लहान द्या. श्वास लहान दिले तर कर्बवायू काढण्यासाठी ते भराभर द्यावे लागतात. जुना रोग म्हणतो, घाई करू नका, मला सोडायला वेळ हवा. हिशेब मांडून पाहा. मिनिटाला १५ श्वास दिले तर प्रत्येकाच्या वाट्याला ४ सेकंद येतात. एक सेकंद घेण्यात गेला तरी सोडायला ३ उरतात. मिनिटाला ३० दिले की एकूण दोनच सेकंद. घ्यायला एक, सोडायला एक. तेवढ्यात हवा पुरती निघत नाही. थोडी मागे राहते, तीवर पुढचा श्वास, त्यावर आणखी एक. छाती फुगत जाते, हृदयाकडे परतणाऱ्या शिरा दबतात आणि रक्तदाब कोसळतो. अशा वेळी जाणता डॉक्टर प्रथम एक साधी गोष्ट करतो: यंत्राची नळी काही क्षण सोडवतो. कोंडलेली हवा निघून जाते आणि नाडी हाताला लागते.

मग तोड काय काढतात? गती बेताची, श्वास लहान, सोडण्यास भरपूर अवधी. आणि कर्बवायू काहीसा चढा राहिला तर राहू देणे. कागदावरचे आकडे सुंदर करण्याच्या नादात फुफ्फुस फाडू नये, हा शहाणपणा वैद्यकाला उशिरा आला. ताठ फुफ्फुसाच्या रोग्याला दिवसाचे सोळा तास पालथे निजविण्याचाही मोठा उपयोग होतो, असे २०१३ साली फ्रान्समधील पाहणीत दिसले.

घशात नळी न घालता, घट्ट मास्कमधून दाबाने हवा देण्याचीही रीत आहे, आणि निव्वळ सी.ओ.पी.डी. उसळली असता तिच्यासारखी दुसरी नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मास्क न मिळालेल्यांपैकी शंभरात ७४ जणांना नळी घालावी लागली. मास्क मिळालेल्यांत २६ जणांना. विषाणूचा न्यूमोनिया पसरलेला असला तर मात्र मास्कचा इतका भरवसा देता येत नाही. शुद्ध हरपू लागली, ओकाऱ्या होऊ लागल्या, किंवा एक-दोन तासांत उतार दिसला नाही, तर नळीला उशीर करणे हाच अपाय ठरतो.

घरच्या माणसांसाठी एक सूचना. २०२१ पासून बोटाला लावायचे ऑक्सिमीटर पुष्कळ घरांत आले आहे, आणि आकडा ९९ झाल्याशिवाय नातेवाइकांचे समाधान होत नाही. सी.ओ.पी.डी.च्या रोग्यास सामान्यतः ८८ ते ९२ पुरे असतात. प्राणवायूची कळ मनाने वाढवीत गेल्यास कर्बवायू चढतो, रोगी गुंगतो, आणि घरचे समजतात, बरे झाले, झोप लागली. तास्मानिया बेटावर रुग्णवाहिकेतच प्राणवायू मोजून दिला, तेव्हा मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे २०१० साली नोंदले गेले.

राहिला तो कठीण प्रश्न. नळी घालावी की नाही, हे मध्यरात्री, दाराशी, घाबरलेल्या मुलाला विचारण्यात येते. ज्याचा श्वास आहे तो बोलू शकत नसतो. पूर्ण खंगलेल्या फुफ्फुसाचा रोगी यंत्रावर गेल्यावर त्यातून सुटणे अवघड असते, कारण विश्रांतीने श्वासपटलाचा स्नायूही क्षीण होतो. उलट, कालपर्यंत बाजाराला चालत जाणाऱ्याला यंत्र नाकारणे हा अन्याय होईल. यातला फरक त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला आणि त्याला स्वतःला ठाऊक असतो. म्हणून ही बोलणी दिवाळीनंतरच्या एखाद्या शांत दुपारी, खोकला बरा असताना झालेली बरी. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा पूर्वेच्छेला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. आता दंडाधिकाऱ्यापुढे जाण्याची गरज नाही. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घेतला म्हणजे झाले. आपल्या वतीने कोणी बोलावे त्यांची नावे त्यात घालावीत, आणि एक प्रत आपल्या डॉक्टरांकडे ठेवावी.