'गुलमंडी' कापायची कुठे? सीमधले बिट आणि एक विसरलेला कंस

मागच्या व्याख्यानात आपण &, | आणि << ही चिन्हं पाहिली, आणि शेवटी प्रश्न आला की खऱ्या कामात हे लागतं कुठे? आज उत्तर म्हणून आमचीच एक फजिती सांगतो.

पत्त्यांची लेबलं छापणारा एक छोटा सी प्रोग्रॅम आम्ही लिहिला होता. भागाच्या नावाला २० बाइट जागा. पत्ते इंग्रजीत होते तोवर भरपूर झाली. गुलमंडीला ८ बाइट लागायचे. मग मराठी पत्ते आले आणि लेबलावर छापून आलं 'गुलमंड', पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह.

झालं काय होतं? गुलमंडी म्हणजे ग, उकार, ल, म, अनुस्वार, ड आणि दीर्घ ईकार, अशी ७ चिन्हं. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात एका चिन्हाला एकच बाइट होता. आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. सात त्रिक २१. स्ट्रिंगच्या शेवटच्या शून्याचा एक बाइट सोडला तर आमच्याकडे होते १९. म्हणजे सहा चिन्हं पूर्ण आणि ईकाराचा फक्त पहिला बाइट!

तो ईकार बिटांमध्ये असा दिसतो:

१११०००००  १०१००१०१  १०००००००

केन थॉम्प्सन यांनी १९९२ मध्ये ही रचना मांडली तेव्हा एक सोय ठेवली. पहिला बाइट १११० ने सुरू झाला की समजायचं, हे तीन बाइटचं चिन्ह. त्याच्या मागून येणारे दोन्ही बाइट १० ने सुरू होणार. त्यामुळे स्ट्रिंगमध्ये कुठेही उतरलो तरी आपण चिन्हाच्या दारात आहोत की मधल्या खोलीत, हे एका बाइटवरून कळतं. वरचे दोनच बिट ठेवायचे (मास्क १९२, म्हणजे ११००००००) आणि उत्तर १२८ आलं तर एक पाऊल मागे:

(शब्द[न] & १९२) == १२८

न १९ वरून १८ वर येतो आणि थांबतो. प्रश्नचिन्ह गेलं.

पण आम्ही पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा कंस टाकला नव्हता, आणि काहीच बदललं नाही. अर्धी दुपार त्यात गेली. सीमध्ये == हे & च्या आधी सोडवलं जातं. आधी १९२ आणि १२८ सारखे आहेत का, तर नाही, म्हणजे ०. मग कुठलाही बाइट & ०, उत्तर ० च. अट कधीच खरी होत नाही, आणि कंपायलर मुकाट्याने पुढे जातो. जीसीसीचे इशारे चालू केले असतील तरच तो टोकतो. हा दोष सीच्या आधीच्या बी भाषेतून आला. तिथे 'आणि' या अर्थाने & च वापरत. पुढे && वेगळं झालं, पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून & ची पायरी तशीच ठेवली, असं डेनिस रिची यांनी स्वतः लिहून ठेवलंय. तेव्हा & दिसला की कंस घालाच. आणि बाइट 'अनसाइन्ड चार'मध्येच ठेवा. नाहीतर पुष्कळ मशीनवर हे सगळे बाइट ऋण संख्या होतात आणि >> केल्यावर डावीकडून १ भरत जातात.

आता उरलं 'गुलमंड'. बिट बरोबर, मराठी चूक. कापलं गेलं ते चिन्ह मात्रा होतं का, हे बघायला त्याचा क्रमांक काढावा लागतो:

((प & १५) << १२) | ((दु & ६३) << ६) | (ति & ६३)

प, दु, ति म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा बाइट. वरच्या ईकारात पहिल्यातून ० उरतो, दुसऱ्यातून १००१०१ म्हणजे ३७, तिसऱ्यातून पुन्हा ०. सहा घरं डावीकडे सरकवणं म्हणजे ६४ ने गुणणं. ३७ गुणिले ६४, २३६८. युनिकोडमध्ये २३६६ ते २३८१ या पट्ट्यात काना-मात्रा आणि हलन्त बसतात, अनुस्वार २३०६ वर. कापलेलं चिन्ह यांपैकी असेल तर अजून तीन बाइट मागे जायचं, म्हणजे ड सुद्धा सोडायचा. जोडाक्षरासाठी आधीचं चिन्ह हलन्त आहे का, तेही बघायचं.

एवढं करून लेबलावर आलं 'गुलमं'. पोस्टमनला त्याचा काय उपयोग! शेवटी जागाच ६४ बाइट केली. 'छत्रपती संभाजीनगर' मधल्या मोकळ्या जागेसकट ४९ बाइटमध्ये बसतं. मागे सरकणारा लूप मात्र काढला नाही. सोसायट्यांची नावं त्याहून लांब असतात.