बाजारातील गाणे आणि कायद्यातील भीक

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे निघालेल्या शहरवासीयाला टोकावडे हे गाव चहाचा एक थांबा म्हणूनच काय ते ठाऊक असते. आसपासच्या वाड्यापाड्यांतील ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि कुणबी कुटुंबांचा व्यवहार मात्र टोकावडे, धसई, सरळगाव, किन्हवली अशा गावांच्या आठवडे बाजारांभोवती फिरत असतो. पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी, मीठ-मिरची, बियाणे, विळे-कोयते येथे विकत घ्यावयाचे आणि करवंदे, जांभळे, रानभाज्या, गावठी कोंबडी येथे विकावयाची, एवढ्यापुरता हा बाजार नसतो. सोयरिकीची पहिली बोलणी येथे होतात. माहेरचा निरोप येथे मिळतो. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर कोण कोण जाणार हेही येथेच कळते. अशा बाजारांच्या कडेला, कोठे झाडाखाली तर कोठे एस. टी.च्या थांब्याशी, एकतारी किंवा ढोलकी घेऊन बसलेला गाणारा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसत आला आहे. अलीकडे तो कमी दिसतो, पण नाहीसा झालेला नाही.

या माणसाचा व्यवहार काय आहे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मिरची विकणारी बाई ग्रामपंचायतीला बाजारफी देते आणि पावती घेते. आठवडे बाजारावर फी आकारण्याचा अधिकार ग्रामपंचायतींना १९५८ च्या कायद्याने दिलेला आहे. गाणाऱ्याकडे कोणी फी मागत नाही. ही सवलत वाटेल, परंतु तिचा दुसरा अर्थ असा की, बाजारात त्याची जागा मोजलेली नाही. त्याच्यासमोरच्या फडक्यावर पडणारे नाणे ही गाण्याची किंमत, की ऐकणाऱ्याची बक्षिसी, की भीक? देणारा याचा विचार करीत नाही आणि घेणाऱ्यालाही तो करण्याची गरज वाटत नसावी. विचार केला आहे तो कायद्याने.

भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा मुंबई कायदा महाराष्ट्रात आजही अमलात आहे. भीक म्हणजे काय, हे सांगताना त्याने सार्वजनिक जागी दान मागणे किंवा स्वीकारणे एवढ्यावरच समाधान मानलेले नाही. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखविणे, एखादी वस्तू विकावयास पुढे करणे, अशा कोणत्याही निमित्ताने घेतलेले दानही त्याच्या लेखी भीकच होय. या व्याख्येत गाणे हे गाणे नसून निमित्त आहे. अशा इसमाला पोलिसांनी वॉरंटाशिवाय ताब्यात घ्यावे आणि न्यायालयाने त्याला पहिल्या खेपेसच एक ते तीन वर्षे प्रमाणित संस्थेत ठेवता यावे, अशी तरतूद आहे. कायद्याचा खरा रोख शहरांवर आहे आणि टोकावड्याच्या बाजारात कोणी हवालदार तो उगारून उभा राहील असे नव्हे. पण वीटभट्टीच्या हंगामात जो गाणारा गाव सोडून कल्याण-ठाण्याच्या रस्त्यावर येतो, त्याला गावाकडचा ‘बाबा’ एका रात्रीत कायद्यातला ‘भिकारी’ होताना पाहावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी याच कायद्याच्या तेथे लागू असलेल्या बहुतेक तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. तो निर्णय दिल्लीपुरता राहिला. ज्या राज्यात हा कायदा जन्मला तेथील विधिमंडळाला मात्र त्यातील ‘गाणे’ हा शब्द अजून खटकलेला नाही.

याच गाण्याकडे शासनाचे दुसरे खाते कसे पाहते? वृद्ध साहित्यिकांना व कलावंतांना राज्य सरकार दरमहा मानधन देते. त्यात लोककलावंतही येतात आणि वयाची अट साधारणपणे पन्नाशीची आहे. म्हणजे ज्या कलेची सेवा केली म्हणून पन्नाशीनंतर मानधन मिळावयाचे, ती सेवा ऐन उमेदीत रस्त्यावर केल्यास दुसऱ्या कायद्याने ती भीक ठरू शकते. त्याहून गमतीची गोष्ट तमाशाची. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांतून गावोगावचे यात्रा-पंच फडांच्या सुपाऱ्या ठरवितात. राष्ट्रपतिपदकाच्या मानकरी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) त्याच गावच्या. माळशेज चढून गेले की हा मुलूख फार दूर नाही. तेथून निघालेला फड तंबू ठोकतो, तिकीट लावतो आणि सन्मानाने कलावंत ठरतो. गाणे दोन्हीकडे आहे आणि पोटही दोन्हीकडे आहे. फरक आहे तो कनातीचा.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. गोंधळी, वासुदेव, पोतराज, डोंबारी, कोल्हाटी यांच्या कलेचे गोडवे गाणाऱ्यांनी ती कला त्यांच्या गळ्यात जातीने अडकवली होती हे विसरू नये. सुगीत खळ्यावर जाऊन मूठभर धान्य मागण्याचा ‘हक्क’ हा वरून हक्क आणि आतून लाचारी होती. कित्येक भटक्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविले होते. तो शिक्का देशभर पुसला जाण्यास ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले. अशा घरातील मुलाने बापाचे वाद्य खुंटीला टांगून शाळेची वा कारखान्याची वाट धरली, तर ते योग्यच झाले. पोतराजाचा आसूड थांबला याचे दुःख करणारा सुशिक्षित माणूस स्वतःच्या मुलाच्या हाती आसूड देणार नसतो. तेव्हा ही परंपरा टिकावी म्हणून कोणाला बाजारात बसवा, अशी मागणी कोणी करू नये. मात्र मागणे ज्याच्यावर लादले गेले त्याची सुटका करणे वेगळे आणि स्वखुशीने गाणाऱ्याला भिकारी ठरविणे वेगळे. १९५९ च्या कायद्याने हा भेद केला नाही. जातीने ज्याला मागावयास लावले त्यालाच कायद्याने मागितल्याबद्दल धरावे, हा न्याय तर फारच अजब म्हणावा लागेल.

सगळ्याच गाण्याने बाजारात यावे असेही नाही. उत्तरेकडील जव्हार-डहाणू पट्ट्यातील वारल्यांचा तारपा हे सुक्या दुधी भोपळ्याचे, बांबूच्या नळ्यांचे आणि ताडाच्या पानांच्या कर्ण्याचे वाद्य नव्या भाताच्या दिवसांत घुमते. वादकाच्या श्वासाचा धागा तुटत नाही आणि नाचणाऱ्यांचा फेर त्याच्याभोवती वेटोळे घेत राहतो. त्याला मोकळे खळे आणि रात्र लागते. भाजीच्या ओट्याशेजारी तो गुदमरेल. वाळवंडे येथील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, हा त्या श्वासाचा यथोचित गौरव होय.

बाजाराचे गाणे निराळ्या घडणीचे असते. श्रोता उभा असतो, त्याच्या हातात पिशवी असते, आणि कडवे लांबले की तो पुढे सरकतो. म्हणून ध्रुवपद लवकर यावे लागते, आवाज खुला लागतो, विषय ऐकणाऱ्याच्या संसारातला लागतो. ही शिस्त कोणत्याही संगीत विद्यालयात मिळत नाही. सत्यशोधकांचे आणि आंबेडकरी जलसे, पुढे १९४० च्या दशकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक, ही सारी मंडळी तिकीट काढून नाट्यगृहात न जाणाऱ्या माणसाकडे स्वतः चालत गेली, ती याच शिस्तीच्या बळावर. आज त्या जागी बॅटरीवरचा भोंगा आला आहे. उंदराचे औषध, चादरी आणि कांदे यांची ध्वनिमुद्रित आरोळी दिवसभर एकाच सुरात फिरत असते. तिला मात्र कोणी भीक म्हणत नाही.

शहरांनीही आता शेतकऱ्याचा बाजार जवळ केला आहे. फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यावर २०१६ मध्ये राज्य सरकारने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान सुरू केले. शेतकरी आणि ग्राहक यांच्यामधला दलाल त्याने हटविला. गाणारा कोठे बसेल हे मात्र कोणाला सुचले नाही. परदेशांतील अशा शेतकरी बाजारांत वादकाला वेळ आणि जागा आधीच नेमून दिलेली असते. लंडनच्या भुयारी रेल्वेत गाणे हा पूर्वी दंडनीय प्रकार होता; २००३ पासून परीक्षा घेऊन परवाना मिळतो आणि फरशीवर उभे राहण्याची जागा आखून दिलेली असते. मोरोक्कोतील मराकेश शहराच्या जामा एल-फना चौकात कथेकरी आणि वादक बाजाराच्या गर्दीतच आपला फेर धरतात. युनेस्कोने २००१ मध्ये अमूर्त वारशाची पहिली यादी जाहीर केली तीत तो चौक होता. एखाद्या कलेला नव्हे, तर ती जेथे ऐकली जाते त्या जागेला मिळालेला तो मान होता.

टोकावड्याला लंडनची परीक्षा नको आणि युनेस्कोची पाटीही नको. बाजारफीच्या पावतीपुस्तकात भाजी, मासळी, कापड यांच्याबरोबर ‘गायन-वादन’ अशी एक ओळ घालावयाची, नाममात्र फी घ्यावयाची आणि भोंग्यांपासून दूर, सावलीचा एक कोपरा राखावयाचा, एवढे ग्रामपंचायतीच्या हाती आहे. कोणीही यावे, कोणत्याही जातीचे, बाई असो की बुवा, शाळेतले मूल असो की निवृत्त शिक्षक. फी भरून बसलेला माणूस दान मागत नाही; तो धंद्याला बसलेला असतो. ही पावती १९५९ च्या व्याख्येपुढे कितपत टिकेल, हे न्यायालय ठरवील. ती व्याख्या दुरुस्त करणे हे विधिमंडळाचे काम आहे आणि ते पावतीपुस्तकाने भागणार नाही. तरी हवालदाराला दाखवावयाला गाणाऱ्याच्या खिशात एक कागद तर राहील.

मुरबाड-कर्जत रस्त्यावरील म्हशाला पौष पौर्णिमेस खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलांचा आणि घोंगड्यांचा एवढा मोठा बाजार या भागात दुसरा नाही, आणि तमाशाच्या कनातीही तेथे लागतात. बैलांची दावण कोठे, घोंगडीवाले कोठे, पाळणे कोठे, याची आखणी यात्रेच्या आधीच व्हावी लागते. त्याच आखणीत एकतारीवाल्यासाठी चार हात जागा दाखवावयाची झाली तर तिला वेगळा खर्च नाही.