कंपनीची गाडी आणि भीतीचे पेट्रोल

जालन्यात राहावयाचे आणि नोकरीला छत्रपती संभाजीनगरला जावयाचे, असा संसार आमच्या गावातील कितीतरी घरांनी वर्षानुवर्षे चालविला आहे. कोणी रेल्वेने जातो, कोणी एस. टी. ने, कोणी चौघांत मिळून एक मोटार करतो. वाटेत बदनापूर, शेंद्रा, चिकलठाणा ही तीच गावे आणि तेच धाबे. जाताना साठ किलोमीटर, येताना साठ. या जाणाऱ्या-येणाऱ्या मंडळींत ज्याला कंपनीने गाडी दिली आहे, त्याचा थाट अर्थातच निराळा. शेजारी प्रथम गाडीचा रंग पाहतात, मग हळूच विचारतात, "पेट्रोलही कंपनीचेच ना?" उत्तर होकारार्थी आले, की त्या घराची प्रतिष्ठा दोन पायऱ्या वर चढते.

आमच्या मेहुण्यांच्या घरी यंदा हाच प्रसंग आला. ते चिकलठाण्याच्या बाजूला एका कंपनीत अधिकारी आहेत. कंपनीने त्यांना गाडी देऊ केली आणि गाडीचा प्रकार निवडण्यास सांगितले : पेट्रोलची किंवा विजेची. यात नवल काही नाही. मोटारींच्या बाबतीत तिकडचे उद्योजक प्रथमपासूनच हौशी. शहराला औरंगाबाद म्हणत असताना, ऑक्टोबर २०१० मध्ये, तेथील मंडळींनी एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या आणि देशभर त्याची चर्चा झाली होती. पुढे २०२२ साली त्याच शहरात विजेच्या मोटारी एकत्रितपणे खरेदी करण्याची मोहीम निघाली. तो वारा मेहुण्यांच्या कचेरीपर्यंत पोचला, इतकेच.

परंतु मेहुण्यांनी तिसरेच काढले. "दाजी," ते म्हणाले, "मला या दोन्हींतली नको. मी थांबतो. रेंज एक्स्टेंडर नावाची गाडी येणार म्हणतात, ती आली की घेईन."

ही गाडी आज आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार-दुकानांत दिसत नाही. येईल अशी बोलवा मात्र आहे. तिची कल्पना जालनेकरांना समजावून सांगण्यास यंत्रशास्त्राची गरज नाही. पाण्याच्या टंचाईने ते शास्त्र आम्हाला घरोघर शिकविले आहे. घरात हौद असतो. नळ आला की तो भरून ठेवावयाचा आणि घरातले सारे पाणी हौदातूनच घ्यावयाचे. नळ लांबला, की टँकर बोलवावयाचा. पण टँकरचे पाणीही आधी हौदातच पडते. या गाडीतही तसेच आहे. बॅटरी हा हौद, घरचे चार्जिंग हा नळ, आणि गाडीच्या पोटात बसविलेले लहानसे पेट्रोल इंजिन हा टँकर. चाके फिरतात ती विजेच्या मोटारीनेच. इंजिनाचा चाकांशी संबंध नसतो. ते फक्त जनित्र फिरवते, वीज तयार करते आणि गाडीचा पल्ला वाढविते.

कल्पना जुनी आहे. फर्डिनंड पोर्शे या अभियंत्याने १९०० साली अशी एक गाडी बांधली होती. दोन पेट्रोल इंजिने, त्यांना जोडलेली जनित्रे, आणि चाकांतच बसविलेल्या विजेच्या मोटारी. तिचे नाव 'सेम्पर व्हिव्हस', म्हणजे 'सदा जिवंत'. आपल्या रेल्वेची डिझेल इंजिने पुष्कळांनी पाहिली असतील. त्यांच्यातही डिझेल यंत्र जनित्र फिरवते आणि चाके विजेवर चालतात. मोटारीच्या बाजारात जनरल मोटर्सने २०१० च्या अखेरीस शेव्हरोले व्होल्ट आणली; तिचे इंजिन काही प्रसंगी चाकांनाही हात देत असे, पण कल्पना हीच. बी. एम. डब्ल्यू. कंपनीने २०१३ मध्ये 'आय थ्री' ही विजेची मोटार काढली आणि हवे असल्यास तिच्यात ६४७ सी. सी. चे दोन सिलिंडरांचे इंजिन बसवून देण्याची सोय केली. ते इंजिन मूळचे स्कूटरचे होते आणि त्याची पेट्रोलची टाकी अवघ्या नऊ लिटरची! युरोपात २०१८ च्या सुमारास बॅटऱ्या मोठ्या झाल्या, तेव्हा त्या कंपनीने हे इंजिन देणे बंद केले. उलट चीनमध्ये ली ऑटो कंपनीने २०१९ पासून याच तत्त्वावरच्या मोठ्या कुटुंब-गाड्या विकण्यास सुरुवात केली आणि तिकडे त्या लाखांनी खपल्या. म्हणजे एकाने सोडलेली वस्तू दुसऱ्याने डोक्यावर घेतली. तेव्हा प्रश्न चांगल्या-वाईटाचा राहत नाही. कोणाला किती लागते, याचा उरतो.

ते ठरविण्यासाठी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मी मराठीचा प्राध्यापक. पण गुणाकार-भागाकार अजून विसरलो नाही. रोजचा रस्ता १२० किलोमीटर. मध्यम आकाराची विजेची गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. आमच्याकडचा मे महिना, बेचाळीस अंशांचे ऊन आणि आतला वातानुकूल यंत्राचा खर्च धरून आपण पाचच धरू. म्हणजे दिवसाला चोवीस युनिटे. बॅटरी चाळीस युनिटांची असली, तर घरी परतताना सोळा युनिटे शिल्लक. युनिटला दहा रुपये धरले तर रोजचा खर्च २४० रुपये. पेट्रोलची गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते असे मानले, तर आठ लिटर लागतील. आणि लिटरचा भाव शंभराच्या खाली धरण्याची आज सोय नाही. म्हणजे आठशेच्या वर.

"हिशेब बरोबर आहे," मेहुणे म्हणाले, "पण आईचे काय?"

खरी गोष्ट ही होती. आमच्या सासूबाई जाफराबाद तालुक्यात गावी राहतात. वय झाले आहे, आणि घर सोडून जालन्याला येण्यास त्या तयार नाहीत. रात्री-अपरात्री गावाहून फोन आला आणि गाडीत वीज नसली तर? एकुलत्या एका मुलाच्या मनात ही भीती घर करून बसली होती. साठ किलोमीटरच्या रस्त्यासाठी जो माणूस सहाशे किलोमीटरची गाडी मागतो, त्याला हसण्यापूर्वी त्याचे मन कोठल्या गावी गुंतले आहे, हे पाहिले पाहिजे.

म्हणून त्या रात्रीचाही हिशेब केला. संध्याकाळी आठला गाडी घरी आली, सोळा युनिटे शिल्लक आहेत आणि आल्याबरोबर ती चार्जिंगला लावली. घरगुती साध्या चार्जरने तासाला तीन-साडेतीन युनिटे भरतात. बारा वाजता फोन आला, तर तोपर्यंत बॅटरीत अठ्ठावीस-एकोणतीस युनिटे असतील. म्हणजे कमीत कमी हिशेबानेही १४० किलोमीटर. जालन्याहून जाफराबादकडे जाऊन परत येण्यास एवढे पुरते. वळवाच्या पावसाने त्याच संध्याकाळी वीज गेली असेल तर मात्र गणित कोलमडते, हे मान्य केले पाहिजे. तेथे पोटातल्या इंजिनाची बाजू खरी आहे. परंतु माणूस खरोखरच अत्यवस्थ असेल, तर आधी निघावी लागते ती १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका. ती जवळच्या ठिकाणाहून निघते आणि तिच्यात डॉक्टर असतो. आपली गाडी त्यानंतरची.

मेहुण्यांचे समाधान अर्धेच झाले. "इंजिन असले तर बिघडले कोठे?" त्यांनी विचारले. "वीज असेल तेव्हा विजेवर, नसेल तेव्हा पेट्रोलवर. दोन्ही हातांत लाडू."

गाडी स्वतःच्या पैशाने घ्यावयाची असती, तर या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण गाडी कंपनीची आहे आणि पेट्रोलही कंपनीचे. तेथेच सारी मेख आहे. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन आणि जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था यांनी युरोपातील प्लग-इन संकरित गाड्यांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध केला. या गाड्या आपल्या विषयाच्या सख्ख्या बहिणी; घरी चार्जही होतात आणि पेट्रोलही पितात. ज्यांनी त्या स्वतः विकत घेतल्या होत्या, त्यांचे ४५ ते ४९ टक्के अंतर विजेवर झालेले आढळले. कंपनीने दिलेल्या गाड्यांचे मात्र ११ ते १५ टक्केच! माणसे तीच, रस्ते तेच, गाड्याही त्याच. फरक एवढाच, की विजेचे बिल घरी येते आणि पेट्रोलचे कंपनीकडे जाते. दमून घरी आल्यावर कोण त्या वायरी सोडवीत बसतो? उद्या पंपावर कार्ड दाखविले की काम झाले. टँकर फुकट मिळू लागला, म्हणजे नळाची वाट पाहण्यासाठी पहाटे कोण उठेल?

आणि मग ती गाडी काय उरते? बॅटरीचे ओझे वाहणारी पेट्रोलची गाडी. इंजिनाने वीज करावयाची, ती मोटारीला द्यावयाची, आणि प्रत्येक पायरीवर थोडी गळती सोसावयाची. सरळ हमरस्त्यावर तर साध्या गाडीपेक्षा अधिक पेट्रोल जाण्याचाही संभव. शिवाय वर्षाकाठी इंजिनाचे तेल बदलणे आलेच. कर हाही एक भाग आहे. केवळ विजेवर चालणाऱ्या गाडीवर १ ऑगस्ट २०१९ पासून वस्तू व सेवा कर पाच टक्के आहे. पोटात इंजिन असलेल्या संकरित गाड्यांना ती सवलत नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफीही जाहीर झाली. कंपनीचा हिशेबनीस या गोष्टी आपल्या आधी वाचतो.

याचा अर्थ ती गाडी कोणीच घेऊ नये असे नाही. बियाणे कंपनीचा जो अधिकारी सकाळी भोकरदनला, दुपारी घनसावंगीला आणि संध्याकाळी मंठ्याला शेते पाहत फिरतो, रात्री कोठे मुक्काम पडेल हे ज्याला माहीत नसते, त्याच्यासाठी हे लहान इंजिन खरा आधार ठरेल. ज्याच्या इमारतीत गाडीपर्यंत वीज नेता येत नाही, त्याने मात्र तिच्या वाटेस जाऊ नये. त्याच्याकडे ती आयुष्यभर टँकरवरच जगेल. आणि ज्याचा रस्ता रोज ठरलेला, गाडी रोज रात्री घरच्या अंगणात, त्याने पोटात इंजिन वागवणे म्हणजे रोज कचेरीला जाताना पानशेतच्या पुराची होडी डोक्यावर घेऊन निघण्यासारखे आहे.

मेहुण्यांनी आठ दिवस विचार केला. मग कंपनीला त्यांनी दोन अटी लिहून पाठविल्या. एक, कचेरीच्या आवारात चार्जिंगची सोय करावी. दुसरी, घरी चार्जरसाठी वेगळे मीटर बसवावे आणि पेट्रोलचा खर्च जसा कंपनी देते, तसा त्या मीटरच्या युनिटांचा द्यावा. मला वाटते, कंपनीची गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने गाडीच्या रंगाआधी ही दुसरी अट मागावी. पेट्रोल फुकट आणि वीज स्वखर्चाने, अशी व्यवस्था असली, की भला माणूसही चुकीच्या पंपावर जातो. कंपनीने दोन्ही अटी मान्य केल्या आणि मेहुण्यांनी विजेच्या गाडीवर खूण केली.

ही बातमी सासूबाईंना फोनवर सांगितली. पल्ला, युनिटे, इंजिन हे सारे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "माझ्या दुखण्याची वाट कशाला बघता रे? गाडी चालते ना? मग या रविवारी जेवायला या."

मागच्या चार महिन्यांत मेहुणे गावी एकदाच गेले होते. आता दर पंधरा दिवसांनी जातात. शनिवारी रात्री गाडी पूर्ण भरून ठेवतात आणि निघताना आम्हालाही बोलावतात.