पडद्यावरचा ठिपका आणि त्याचे पहारेकरी

समुद्रावरच्या लढाया अ‍ॅडमिरल आणि कप्तान यांच्या नावाने सांगितल्या जातात. पण शत्रू कुठे आहे, हे त्यांना सांगणारा बहुतेक वेळा विशी-बाविशीतला साधा नौसैनिक असतो. जहाजाच्या पोटातल्या मंद उजेडाच्या खोलीत तो रडारच्या पडद्यासमोर बसलेला असतो. अमेरिकन नौदलात दुसऱ्या महायुद्धात त्याला ‘रडारमन’ म्हणत. १९७०च्या दशकापासून त्याच्या शाखेचे नाव ‘ऑपरेशन्स स्पेशालिस्ट’ झाले. त्याची खोली म्हणजे कॉम्बॅट इन्फर्मेशन सेंटर, बोलीभाषेत सीआयसी. या माणसांचे मोल त्या नौदलाला यशापेक्षा अपयशातूनच जास्त कळत गेले.

डिसेंबर १९३८ मध्ये ‘न्यूयॉर्क’ या युद्धनौकेवर एक्सएएफ रडार बसवले गेले आणि पुढच्या वर्षी कॅरिबियन समुद्रातल्या सरावात त्याची ताकद दिसली. यंत्र आले, पण त्याने दिलेल्या माहितीचे काय करायचे याची घडी बसायला वेळ लागला. त्याची किंमत प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकनाल बेटाजवळ मोजावी लागली. १३ नोव्हेंबर १९४२ला पहाटेच्या अंधारात ‘हेलेना’ क्रूझरच्या नव्या एसजी रडारला सुमारे २५ किलोमीटरवरून जपानी ताफा दिसला. अमेरिकन ताफ्याचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल कॅलाघन ‘सॅन फ्रान्सिस्को’वर होते आणि तिथे हे रडार नव्हते. एकाच रेडिओ वाहिनीवर खबरा, प्रश्न आणि हुकूम यांची सरमिसळ झाली. दोन्ही ताफे एकमेकांत घुसले. कॅलाघन आणि ताफ्यातले दुसरे रिअर अ‍ॅडमिरल स्कॉट दोघेही मारले गेले. त्यानंतर दोनच रात्रींनी रडारची उत्तम जाण असलेल्या रिअर अ‍ॅडमिरल विलिस ली यांनी ‘वॉशिंग्टन’वरून त्याच परिसरात जपानी युद्धनौका ‘किरिशिमा’ला जलसमाधी दिली. जहाजावरची सगळी माहिती एका जागी आणणारे केंद्र उभारण्याचा प्रशांत ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल निमिट्झ यांचा आदेश त्याच महिन्यातला.

त्या केंद्रातले काम अनेक हातांनी मिळून चाले. एकजण पडद्यावर उमटलेल्या ठिपक्याची दिशा आणि अंतर फोनवर सांगे. दुसरा पारदर्शक उभ्या फळ्याच्या मागे उभा राहून मेणाच्या पेन्सिलीने ती नोंद करी. समोरच्या अधिकाऱ्याला सरळ वाचता यावे म्हणून तो अक्षरे आणि आकडे उलटे लिही, तेही धावत्या वेगाने. तिसरा टेबलावरच्या कागदावर एकामागून एक खुणा जोडून समोरच्या जहाजाचा वेग आणि मार्ग काढी; दोन जहाजे एकमेकांच्या किती जवळून जातील याचे गणित करी. लाटा, पावसाच्या सरी, बेटांचे कडे, पक्ष्यांचे थवे हे सगळे पडद्यावर उमटते. त्यातून खरे लक्ष्य वेगळे काढायला नजर मुरावी लागते.

१९४५ साली जपानच्या ओकिनावा बेटाभोवती रडार असलेल्या विनाशिकांचे कडे उभे करण्यात आले. आत्मघातकी विमानांची आगाऊ खबर देणे आणि आपल्या लढाऊ विमानांना त्यांच्यावर सोडणे हे त्यांचे काम. साहजिकच पहिला घाव त्यांच्यावरच पडे. १६ एप्रिलला ‘लॅफी’ या विनाशिकेवर अशा हल्ल्यात ३२ जण गेले, ते जहाज आज दक्षिण कॅरोलायनात जतन केले आहे.

१९६०च्या दशकात संगणक आले आणि पेन्सिल हळूहळू मागे पडली. निर्णायक शब्द मात्र माणसाचाच राहिला. १९७२ मध्ये व्हिएतनाम युद्धात टोंकिनच्या आखातात ‘शिकागो’ क्रूझरवरून चीफ रडारमन लॅरी नोवेल यांनी वैमानिकांना मार्ग दाखवला. १२ मिग विमाने पाडण्यातल्या वाट्याबद्दल त्यांना नौदलाचे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळाले. हे पदक एरवी अ‍ॅडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांना मिळते.

याच कामाची काळी बाजू ३ जुलै १९८८ला दिसली. एजिस या अत्याधुनिक रडार-क्षेपणास्त्र यंत्रणेच्या ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकन क्रूझरने इराणच्या आखातात इराण एअरच्या उड्डाण ६५५चे प्रवासी विमान पाडले. २९० जण मेले, त्यात भारतीयही होते. विमान वर चढत होते आणि यंत्रणेच्या नोंदीतही तसेच होते. पण खोलीत ‘ते खाली येते आहे’ अशी खबर फिरली. हल्ला होणारच, असे मनाने आधीच धरले होते आणि आकडे त्या धारणेतूनच वाचले गेले, असा निष्कर्ष चौकशीतून निघाला. १७ जून २०१७ला जपानजवळ ‘फिट्झगेराल्ड’ या अमेरिकन विनाशिकेची मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन ७ नौसैनिक गेले. तिथेही सीआयसीकडून वेळेत इशारा आला नाही. चौकशीत अपुरे प्रशिक्षण आणि थकवा ही कारणे पुढे आली. त्यानंतर शरीराच्या झोपेच्या चक्राला धरून पहाऱ्याच्या पाळ्या आखायचे ठरले.

या सगळ्या घटनांतून मला एकच गोष्ट पटते. रडार ठिपका दाखवते, त्याचा अर्थ माणूस लावतो. आणि तो माणूस ताफ्यातल्या सर्वांत खालच्या हुद्द्यांपैकी एकावर असतो. कोट्यवधींची यंत्रणा घेताना त्याच्या शिक्षणावर, झोपेवर आणि ‘मला खात्री नाही’ असे वरिष्ठांना सांगण्याच्या त्याच्या मोकळिकीवर तितकाच खर्च करायला हवा. यंत्रे बदलून ही उणीव भरून निघणार नाही.

आपला ४ डिसेंबरचा नौदल दिन १९७१च्या कराची हल्ल्याच्या स्मरणार्थ असतो. त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी अंधारात लक्ष्ये शोधली ती रडारवरच. यंदा त्या दिवशी क्षेपणास्त्रांचे कौतुक करताना, पडद्यासमोर बसणाऱ्या नौसैनिकांचीही आठवण ठेवा. घरात किंवा ओळखीत असा कोणी निवृत्त नौसैनिक असेल, तर त्याच्या आठवणी आजच लिहून घ्या.