उचल आणि पगार : साखऱ्यातल्या एका शिक्षिकेचा दिवस

पहाटे ५
ट्रॅक्टर आल्याचं आवाजावरून कळलं. गॅसवरचं पाणी तसंच बंद केलं, शाल घेतली आणि निघाले. दिवाळी होऊन चार दिवस झालेत. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या गावागावांतून या आठवड्यात ऊसतोडीच्या टोळ्या हलतात, तशा साखऱ्यातूनही.

रस्त्याच्या कडेला दोन ट्रॉल्या भरत होत्या. तळाला ज्वारी-गव्हाची पोती, त्यावर पत्र्याच्या पेट्या, पेट्यांवर उलटी टाकलेली बाज, बाजेच्या पायांना बांधलेल्या कळशा. पालासाठी ताडपत्री आणि बांबू एका अंगाला. सगळ्यांत वर गोधड्या आणि गोधड्यांवर लेकरं. एका बाईने कोयता पोत्यात न ठेवता मांडीशीच धरला होता. मुठीला नवी चिंधी घट्ट गुंडाळलेली. हात सोलू नयेत म्हणून ही तयारी घरूनच करून न्यावी लागते.

माझी सातवीतली एक विद्यार्थिनी तिथेच, मांडीवर धाकट्या भावाला घेऊन बसली होती. सुट्टीत तिच्या घरी मी तीनदा जाऊन आले होते. आजीजवळ ठेवा, हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घालते, दोन्ही वेळचं जेवण मिळेल, असं सांगून पाहिलं. आज शेवटचं विचारलं.

तिची आई म्हणाली, "मॅडम, लेकरू नऊ महिन्याचं हाय. आमी दोघं फडात गेल्यावर त्याला कोण बगंल?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी शिक्षण हमी पत्रक तिच्या हातात दिलं. नाव, इयत्ता, आमच्या शाळेचा शिक्का. जिथे पाल पडेल तिथल्या जवळच्या शाळेत हे दाखवायचं आणि वर्गात बसायचं. तिने ते गणिताच्या वहीत ठेवलं आणि वही पोलक्याच्या आत खोचली. ट्रॉली हलली.

सकाळी ९.३०
परिपाठ झाला, हजेरी घेतली. माझे दोन्ही वर्ग मिळून पटावर एकतीस, समोर एकोणीस. जी मुलं नाहीत त्यांचीही नावं मी पुकारते. उरलेली मुलं उत्तर देतात : "उसाला गेला." "उसाला गेली." मधूनच एखादं, "पुण्याला गेला, मॅडम." या दोन उत्तरांचा आवाजसुद्धा वेगळा असतो. उसाला गेल्याचं मुलं खाली बघून सांगतात. पुण्याला गेल्याचं मान वर करून.

बारा वर्षं मी हे ऐकते आहे. दोन्ही वाटा याच गावातून, याच कोरडवाहू रानातून निघतात. सोयाबीन निघालं, तूर शेतात उभी आहे, हाताला काम नाही, अशी वेळ दोघांवरही सारखीच येते. पुढे मात्र दहा वर्षांनी एकाचं घर स्लॅबचं झालेलं असतं आणि दुसऱ्याचे पत्रे तेच असतात. गावात लोक म्हणतात, "ज्याची त्याची हुशारी." मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते आजच्या दिवसात पुन्हा दिसलं.

सकाळी ११
भूगोलाचा तास. स्थलांतर. नकाशा लावला आणि प्रत्येकाला आपलं माणूस जिथे आहे तिथे बोट ठेवायला सांगितलं. बोटं सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे गेली. काही चाकण, रांजणगाव, वाळूजकडे.

माणसं आजच जात नाहीत, हे मुलांना कळावं म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या नर्सीपासून सुरुवात केली. नामदेव महाराज इथले, पण त्यांचं पंजाबातलं घुमान इतकं आपलं मानलं गेलं की २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं आणि त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. मग मॉरिशस दाखवलं. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर भारतातून मजूर नेले गेले. त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. कराराला इंग्रजीत अ‍ॅग्रीमेंट म्हणत, मजुरांच्या तोंडी त्याची गिरमिट झाली. आज त्याच बेटावर गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. त्या मजुरांच्या वंशजांनी शाळा शिकल्या, जमिनी घेतल्या, १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर ते सरकारातही बसले.

एका मुलाने विचारलं, "ते बी ऊसच तोडायचे ना, मॅडम? मग ते कसे मोठे झाले?"

गिरमिट क्रूर होती. तिच्यात मारहाण होती, आजारात कापलेली मजुरी होती, मेलेली माणसं होती. पण ती कागदावर होती आणि तिला मुदत होती. मुदत संपली की माणूस त्या मालकाचा राहत नसे. सावकाश का होईना, पुढच्या पिढीला शाळेचं दार दिसलं. आमच्या उचलीला, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशाला, तशी मुदत नाही. तिचा कागद मुकादमाच्या खिशातली वही, आणि त्या वहीची प्रत मजुराकडे नसते.

दुपारी १
खिचडी शिजली. वाढताना हंगामी वसतिगृहासाठी राहिलेल्या मुलांची यादी पुन्हा तपासली. सात नावं. सातही घरांत राखायला आजी किंवा आत्या आहे आणि सातही घरांत मागे तान्हं भावंड नाही. म्हणजे मूल शाळेत राहणार की फडात जाणार, हे त्याच्या हुशारीवर ठरत नाही. घरात राखणारं म्हातारं माणूस आहे की नाही, यावर ठरतं. फडाजवळ पाळणाघर असतं, तर पहाटेची ती मुलगी या पंगतीत बसली असती.

दुपारी २
गणिताचा तास. मी फळ्यावर लिहिलं : एका कोयत्याला १,००,००० रुपये उचल. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे इथे समजावून सांगावं लागत नाही. तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड मजुरांच्या संघटना आणि साखर संघात बोलणी होऊन ३४ टक्के वाढीनंतर ठरलेला हा दर. जोडी दिवसाला दोन टन तोडते. उचल किती दिवसांत फिटेल?

मुलांनी भागाकार केला. २७३ टन. दोन टनांप्रमाणे १३७ दिवस.

"आता कारखाना ११० दिवसच चालला तर?"

२२० टन. ८०,५२० रुपये. बाकी १९,४८०.

मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. "मॅडम, खर्ची धरली नाही. दर पंधरवड्याला किराण्याला खर्ची घेत्यात, ती बी उचलीतच चढती. आन् आई आजारी पडली तर खाडा."

त्याने हिशेब बरोबर दुरुस्त केला. ही बाकी पुढच्या वर्षावर फिरते. पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं, कारण बाकी आहे, आणि नवी उचलही घ्यावी लागते, कारण घरी लग्न आहे, दवाखाना आहे. मुकादमाला वीस टक्के कमिशन असतं आणि त्याचं गणित माणसं बांधून ठेवण्यावरच चालतं. कायद्याने १९७६ मध्ये वेठबिगारी बंद केली. फळ्यावरच्या १९,४८० ला काय म्हणायचं, ते मुलांनी विचारलं नाही.

दुपारी ३.३०
पहाटेच्या मुलीचा चुलता शाळेत आला. तिच्या वडिलांचा सख्खा धाकटा भाऊ. तिसरीतल्या मुलीची टीसी हवी होती. तो काही वर्षं चाकणला आहे. आधी घरच्यांशिवाय, पाच जणांत एक खोली करून राहिला. गेल्या वर्षी बायकोला नेलं, आता मुलीला नेतोय.

एकच घर, दोन एकर रान, एकाच आईने वाढवलेले दोघे. म्हणून मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "तुमच्यात आणि दादात फरक कुठं पडला?"

तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, माझी हिंगोलीच्या आयटीआयची फी दादाच्या उचलीतून गेली. तो कोयत्यावर गेला म्हून मी कंपनीत गेलो."

पुण्याचं कौतुक करताना गाव ही गोष्ट विसरतं. अनेक घरांत कंपनीतला पगार आधीच्या माणसाच्या कोयत्यावर उभा असतो.

त्याने मोबाइलवर पगाराची पावती दाखवली. तोही कंत्राटीच आहे. ठेकेदार दोनदा बदलला, कायम होण्याची खात्री नाही, बारा-बारा तासांची पाळी, खोलीचं भाडं पगाराचा मोठा भाग खातं. २०२० च्या टाळेबंदीत त्याच्या खोलीतली मुलं मिळेल त्या वाहनाने आणि पायी गावाकडे आली होती. तेव्हा शहरही काही आई नाही. पण महिना भरल्यावर पैसे खात्यात पडतात. भविष्य निर्वाह निधीचा नंबर त्याच्या नावावर आहे, ठेकेदार बदलला तरी तो नंबर बदलत नाही. काम पटलं नाही तर तो शेजारच्या कंपनीत जाऊ शकतो आणि एकदा गेलाही. दादाला हे करता येत नाही.

फरक माझ्या मते इथेच आहे. कामाच्या आधी हातात पडलेला पैसा माणसाला बांधतो. काम झाल्यावर मिळालेला पैसा, थोडा का असेना, त्याला पाय उचलायची मुभा देतो. बाकीचं सगळं यातून निघतं. एकट्याला मजुरी मिळत असेल तर तो आधी एकटा जातो, जम बसवतो, मग कुटुंब नेतो, आणि मुलांची शाळा एकदाच बदलते. मजुरीच जोडीला मिळत असेल, तर सगळं घर एका पहाटे निघतं आणि मुलांची शाळा दरवर्षी तुटते. कोयता पुरा व्हायला जोडी लागते म्हणून लग्नंही लवकर लावली जातात. गेल्या काही वर्षांत दोन घरी मी आणि गावातल्या आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई मिळून गेलो, लेकरांच्या मदतीचा १०९८ नंबर सांगितला. एक लग्न थांबलं, एक थांबलं नाही.

टीसीवर सही-शिक्का झाला. एका घरातल्या दोन बहिणी एकाच दिवशी शाळेतून गेल्या. एकीच्या हातात टीसी, दुसरीच्या हातात हमी पत्रक. टीसी घेऊन गेलेली पुढच्या वर्गात जाते. हमी पत्रकवाली मार्चमध्ये परत येईल तेव्हा तिला अपूर्णांकही नव्याने शिकवावे लागतील.

संध्याकाळी ५.३०
शाळा सुटल्यावर आशाताई भेटल्या. टोळीबरोबर एक सहा महिन्यांची गरोदर बाई गेली आहे. लोहाच्या गोळ्या आणि तपासणीचं कार्ड त्यांनी काल रात्री घरी नेऊन दिलं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं आणि खाडा पडू द्यायचा नाही, यात बाईच्या शरीराचं काय होतं, ते बीड जिल्ह्याने दाखवून दिलं आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. आशाताई म्हणाल्या, "मी कार्ड दिलं, पण तिथली ताई तिच्या पालापर्यंत जाईल का?"

आम्ही दोघी ग्रामसेवकांकडे गेलो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. मजुराला ग्रामसेवकाकडून ओळखपत्र मिळायचं असतं. १९७९ चा स्थलांतरित मजुरांचा कायदा दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी होता. आपली बहुतेक माणसं राज्यातल्या राज्यातच जातात, म्हणून त्यांच्यासाठी हे ओळखपत्रच पहिला पुरावा. पुढच्या वर्षी टोळी निघण्याआधी, दसऱ्यालाच, गावात नोंदणीचा दिवस ठेवायचा, असं आमचं ठरलं.

रात्री ८
धाकटा भाऊ बायको-मुलीला घेऊन निघाला. सेनगावहून पुण्याची ट्रॅव्हल्स धरायची म्हणून जीप उभी होती. पहाटे जिथे ट्रॉल्या होत्या तिथेच. एक बॅग, एक पिठाचा डबा, मुलीचं दप्तर. जीपमध्ये चढताना तो म्हणाला, "यंदा दादाच्या बाकीतले अर्धे मी भरतो. मुकादमाशी बोललो हाय. बाकी फिटली की दादाला म्हणणार, पुढच्या वर्षी वहिनीला आन् लेकरांना नेऊ नको." दोन वाटा एका घराला परत जोडायचा याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही. पण तो एका भावाच्या चांगुलपणावर टिकून आहे. कारखाना, मुकादम आणि सरकार यांच्यापैकी कुणाला तो बांधून घेत नाही.

रात्री ९.३०
सांगली जिल्ह्याकडे निघालेल्या टोळीचा वाटेतून फोन आला. ज्या गावाजवळ पाल पडणार त्याचं नाव लिहून घेतलं. सकाळी तिथल्या शाळेचा नंबर शोधायचा आहे.

सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरकडच्या वाचकांना एक विनंती आहे. या महिन्यात तुमच्या गावाबाहेर, कारखान्याच्या आवारात, उसाच्या फडालगत पालं पडलेली दिसतील. तिथे शाळेच्या वेळेला एखादं मूल दिसलं, तर त्याला जवळच्या शाळेत घेऊन जा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. टीसी नाही, जन्माचा दाखला नाही, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. शाळेने का-कू केली तर दुसऱ्या दिवशी परत जा. त्यांतल्या एका मुलीच्या गणिताच्या वहीत आमच्या शाळेच्या शिक्क्याचा कागद आहे. तिला भाग जातो तो भागाकार येतो, बाकी उरते तो अजून शिकवायचा राहिला आहे.