संगणकही मराठीत चालू द्या

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत मी शाळकरी मुलांना लिनक्स ही संगणक प्रणाली शिकवते. वर्गातले संगणक मराठीतूनच चालावेत, हा माझा आग्रह आहे. त्यासाठी कुणाकडे काही मागावे लागत नाही. ही सोय लिनक्समध्ये आहेच.

या सोयीचे नाव ‘लोकेल’. मराठीचे लोकेल एमआर_आयएन असे लिहितात. आधी भाषा, मग देश. सोबत यूटीएफ-८ ही अक्षरे साठवण्याची पद्धत हवी, म्हणजे देवनागरी नीट साठते. त्यात ‘क’सारखे एक अक्षर ३ बाइट घेते.

लोकेलचे वेगवेगळे कप्पे असतात. एलसी_टाइम वार-महिने मराठीत दाखवते. एलसी_मॉनेटरीमुळे रक्कम १,००,००० अशी लाखाच्या पद्धतीने मांडली जाते. तुमसरच्या बाजारात धानाचा हिशेब असाच तर वाचतात! एलसी_मेसेजेस सूचनांची भाषा ठरवते. लँग ही सर्व कप्प्यांची मूळ निवड. एलसी_ऑल मात्र सगळ्यांना झाकून टाकते, म्हणून ते फक्त तात्पुरत्या चाचणीसाठी वापरावे.

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर आधी मराठी लोकेल तयार करून घ्या, मग ‘लोकेलसीटीएल’ आज्ञेने लावा आणि पुन्हा लॉगिन करा. कळफलक याने बदलत नाही. मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी वेगळी निवडावी लागते.

एवढे करूनही काही सूचना इंग्रजीतच दिसतील, कारण त्यांचा अनुवाद झालेला नाही. लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तो कुणीही करून पाठवू शकतो. भंडाऱ्यातल्या मराठीच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, असे मला मनापासून वाटते.